बाबांचं रीळ

अकोला,
ता. १९ नोव्हेंबर १९६१

ती. गोदाताईस,
गोवर्धनचा साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून आधीच कान धरतो. पण बातमी अशी आहे की तू रागवायचं विसरशील. मी सिनेमाचा कॅमेरा घेतला! फोटोचा नव्हे, सिनेमाचा. आमच्या जिनिंग कारखान्याच्या मालकांचे एक नातलग आफ्रिकेहून आले होते, त्यांचा जुना. तळहातावर मावतो. बाजूला चावी आहे, ती पिळायची आणि बटण दाबलं की किर्र आवाज करत अर्धा मिनिट चालतो. काय किंमत पडली ते मात्र विचारू नकोस. ललितानं विचारली आणि ती अजून माझ्याशी बोलत नाही.

आता खरी गोष्ट ऐक. लकवा होऊन वर्ष होत आलं. बाबा तुझ्याकडे खाटेवर पडून आहेत आणि मी आलो की एकच विचारतात, "पराटी कशी हाये?" मी म्हणतो, कापूस चांगला आहे. त्यांचा विश्वास बसत नाही, आणि खरं सांगायचं तर मी तरी कुठे बघून सांगत असतो! म्हणून परवा मुद्दाम गावी गेलो आणि अख्खं शेत कॅमेऱ्यात धरलं. वेचणी चालली होती. आपला गडी सूर्यभान, त्याची बायको, सर्जा बैल, शेताच्या धुऱ्यावरचं निंबाचं झाड, सगळं आहे. रीळ धुवायला मुंबईला पाठवलं आहे. आलं की मालकांचा प्रोजेक्टर मागून घेऊन येतो. बाबांना शेतात नेता येत नाही, तर शेतच तुझ्या घरी अंबापेठेत आणू.

तुझा,
गोवर्धन


अमरावती,
ता. ९ जानेवारी १९६२

चि. गोवर्धन,
आशीर्वाद.

पडद्यासाठी तू माझ्या भिंतीत ठोकलेला खिळा काढताना पोपडा निघाला आहे, तो पुढच्या खेपेला येऊन लिंपून दे. खिडक्यांना लावलेली घोंगडीही इथेच राहिली. आमच्या शाळेत तपासनीस येतात तेव्हासुद्धा मी एवढा पसारा मांडत नाही.

हे झालं रागाचं. आता बाकीचं लिहिते. त्या दिवशी सिनेमा दाखवून तू गाडीसाठी घाईनं गेलास, म्हणून पुढची गंमत तुला माहीतच नाही. चौथ्या दिवशी सूर्यभान वांगी आणि हरभऱ्याची भाजी घेऊन आला. तो दारात चपला काढतोय तोच बाबा खाटेवरून ओरडले, "काहून रे, तिसऱ्या तासात गवत वाढलं, डोळे फुटले काय तुये?" सूर्यभान जागच्या जागी उभा. वर्षभर खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याला तिसऱ्या ओळीतलं गवत दिसलं कसं! तो मला हळूच विचारतो, "बाई, बुढ्याच्या अंगात देव येते काय?" मी हसून हसून बेजार झाले. बाबाही हसले. अर्ध्याच तोंडानं, पण लकवा झाल्यापासून पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सूर्यभाननं तिसरं तास निंदून काढलं म्हणे. मला तुझं कौतुक वाटलं. हे जपून ठेव, मी वारंवार लिहीत नसते.

ललिताला आणि छोट्या आशाला आशीर्वाद.

गोदा


अकोला,
ता. १८ फेब्रुवारी १९६२

ती. गोदाताईस सा. न.

ताई, तुला कसं सांगू! रविवारी आणि सुटीच्या वेळी मी जिनिंगमध्ये कॅमेऱ्यावर एक लहान चित्र केलं. दुसरं काही नाही, बाया सरकी वेगळी करताहेत, केसांत कापसाचे पुंजके, एकीला खोकला येतो, ती तोंडावर पदर धरते आणि पुन्हा कामाला लागते. मुंबईला हौशी चित्रपटकारांचं एक मंडळ आहे, तिकडे पाठवलं. त्यांच्या चिटणिसांचं पत्र आलं. लिहितात, "तुमच्याजवळ डोळा आहे." दोन वर्षं मी गाठी मोजतोय ताई, एवढ्या काळात मला असं कोणी काही म्हटलं नव्हतं.

आता मनात दुसरं चित्र आहे. एक म्हातारा शेतकरी, खाटेवर पडलेला, शेतापासून दूर. म्हणजे आपले बाबाच. मार्चमध्ये मी दोन दिवस येतो. तोवर एवढं कर. खाट खिडकीपाशी सरकव. पांढरी चादर घालू नकोस, ती फार चमकते, जुनी फाटकी गोधडी चांगली. आणि न्हाव्याला बोलावू नकोस. दाढी वाढू दे. तुला हे विचित्र वाटेल, पण पडद्यावर पाहिलंस की पटेल.

तुझा,
गोवर्धन


अमरावती,
ता. २६ मार्च १९६२

गोवर्धन,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर.

तू आलास, दोन दिवस राहिलास आणि गेलास. तू गेल्यावर मी खोली धुतली. बादल्या ओतून धुतली, कारण मला त्या खोलीची शिसारी आली होती.

बाबांचा उजवा गाल गेलेला आहे. जेवताना तिकडून ओघळतं. म्हणून मी एका हातानं घास देते आणि दुसऱ्या हातात फडकं धरते. वर्ष झालं, असंच चाललं आहे, आणि कोणी आलं तर मी दार लोटून घेते, कारण बाबांना लाज वाटते. गावच्या पंचांत बसणारा माणूस आहे तो. तू म्हणालास, फडकं नको. का, तर "ओघळू दे ताई, तेच खरं आहे." मग तुझी चावी संपली, म्हणून पुन्हा घास. मग उन्हावर ढग आला, म्हणून पुन्हा. बाबांचं पोट भरलं होतं रे. चौथा घास त्यांनी गिळला नाही, नुसता तोंडात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. तू म्हणालास, "वा." मी ऐकलं आहे.

शाळेत चाळीस मुलींना मी डोळे वटारून गप्प करते. तुला का केलं नाही, याचाच मी दोन दिवस विचार करते आहे. माझा भाऊ आहे, शहाणा आहे, मुंबईच्या माणसांनी नावाजला आहे, काहीतरी असेल यात, असं मला वाटलं असावं.

न्हावी काल येऊन गेला. दाढी झाल्यावर बाबांनी गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "गोवर्धन आला होता म्हन्ता, तं त्याचं तोंड कुठी होतं?" दोन दिवस तू त्यांच्यासमोर होतास आणि त्यांना तुझं तोंड दिसलं नाही. नुसता तो डबा दिसला.

त्यांना बरं होणार नाही, हे डॉक्टरांनी मला सांगितलं आहे. जे दिवस उरलेत त्यांत मुलगा जवळ बसावा, एवढंच त्यांचं मागणं आहे. ये, पण हात रिकामे ठेवून ये.

राग उतरला नाही.

गोदा


अकोला,
ता. ८ एप्रिल १९६२

ती. गोदाताईस सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू रागावलीस, ते मी समजू शकतो. जवळच्या माणसांना हे आधी कळत नाही, असं चिटणीसही म्हणतात. पण ताई, "त्याचं तोंड कुठी होतं" हे बाबा काय बोलून गेले! माझ्या अंगावर काटाच आला. आपल्या चित्राला आवाज नाही, म्हणून मधे मधे काळ्या पाटीवर अक्षरं दाखवावी लागतात. बाबांचं हे वाक्य मी तसंच्या तसं घालणार आहे. त्याबद्दल तुझे आभार मानावेत तेवढे थोडे.

चित्र मुंबईला पाठवून पाहिलं. त्यांना आवडलं, पण त्यांचं म्हणणं असं की त्याला शेवट नाही. म्हातारा नुसता पडून राहतो आणि चित्र संपतं. शेवट मिळाला तर डिसेंबरच्या स्पर्धेत पहिलं येईल असं लिहितात. मी रोज त्याच विचारात असतो.

ललिता आशाला घेऊन परतवाड्याला माहेरी गेली आहे. तिच्या आईची प्रकृती बरी नसते. त्यामुळे घरात शांतता आहे आणि काम छान होतं.

तुझा,
गोवर्धन


अमरावती,
ता. २४ एप्रिल १९६२

गोवर्धन,

ललिताच्या आईची प्रकृती ठणठणीत आहे. ललिता परतवाड्याला जाताना माझ्याकडे उतरली होती. मग मी आशाच्या अंगावरचे गोवराचे डाग पाहिले आणि विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं.

पोर तापानं फणफणली होती, आईला हाका मारत होती, आणि तू दारात आडवा हात घालून बायकोला अडवलंस. "थोडं रडू दे, उजेड चांगला आहे." ललिता म्हणते, मी त्यांच्या हाताला चावले तेव्हा आत जाता आलं. चार वर्षांची मुलगी, गोवर्धन. तुझी स्वतःची. हे ऐकताना मी उठून मोरीपाशी जाऊन उभी राहिले.

बाबांचं ते बोलणं मी तुला लाज वाटावी म्हणून लिहिलं होतं. लिहिताना मी रडत होते. तू त्याची पाटी केलीस आणि वर माझे आभार मानलेस.

आणि शेवट म्हणजे काय रे? ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुला कोणता शेवट हवा आहे ते मला लिहून पाठवू नकोस.

गोदा


(कार्ड)

अमरावती,
ता. ९ मे १९६२

गोवर्धन,

बाबांनी कालपासून अन्न सोडलं. वाचा जवळजवळ गेली आहे. आज सकाळी दोनदा म्हणाले, "गोवर्धन... पानी." मी वाटी पुढे केली तर तोंड फिरवलं. त्यांना शेवटचं पाणी मुलाच्या हातचं हवं आहे. मिळेल त्या गाडीनं ये. यंत्र आणू नकोस. हात जोडते.

गोदा


मु. गावी,
ता. २७ मे १९६२

गोवर्धन,

तू तेरावं झाल्याबरोबर अकोल्याला गेलास, आपलं बोलणं झालंच नाही. तोंडानं बोलवतही नाही, म्हणून लिहिते.

तू आंब्याच्या पिशवीत यंत्र लपवून आणलंस. वर चार आंबे, खाली ते. तू पोचलास त्याच दिवशी दुपारी बाबांचा श्वास बदलला, मी हाक मारली, तू धावत आलास तो ते डोळ्याला लावूनच. पायथ्याशी उभा राहिलास. मुलाच्या हातचं पाणी हवं म्हणून तो माणूस पाच दिवस जीव धरून होता, आणि मुलाचे दोन्ही हात अडकलेले होते. पाणी मी घातलं. यापेक्षा जास्त मला लिहवत नाही.

तू उत्तमकाकांना निरोप द्यायला गेलास तेव्हा रीळ काढून डबीत ठेवलेलं मी पाहिलं होतं. ती डबी मी उचलली आणि माझ्या पेटीत कुलूप लावून ठेवली. तू मागितलीस, मी दिली नाही. बाबांचा शेवटचा श्वास मुंबईच्या चार अनोळखी माणसांनी खुर्चीत बसून बघावा आणि त्याला नंबर द्यावा, हे मी होऊ देणार नव्हते. मेलेल्या माणसाला दार लोटून घेता येत नाही, म्हणून ते मी लोटलं होतं.

दिवस करायला आपण गावी आलो तेव्हा ती पेटी मी बरोबर आणली. मग दहावा दिवस. तुम्ही पुरुष पेढी नदीच्या काठी गेलात, आम्ही बाया घरी. बारा वाजले, एक वाजला, कोणी परत येईना. मग सूर्यभान सायकल हाणत आला, घामानं निथळत. म्हणाला, "बाई, कावळा शिवून नाही राहिला. येते, बसते, अन् उडून जाते. काका म्हन्तात, बुढ्याचा जीव तुमच्या पेटीत अडकला. तुमी भावाचं रीळ अडवून ठेवलं, मून आत्मा फिरून राहिला."

उत्तमकाकांचा मला राग आला, आणि लगेच भीती वाटली. मी मॅट्रिक झालेली बाई, मुलींना भूगोल शिकवते, पण त्या वेळी मला उन्हात ताटकळणारे बाबाच दिसत होते. घरातल्या सगळ्या बाया माझ्याकडे बघत होत्या. मी पेटी उघडली. डबी सूर्यभानच्या हातात दिली आणि सांगितलं, पिंडापुढे म्हण, गोदानं दिलं, मनापासून दिलं, अट घातली नाही. तो गेला. तासाभरात तुम्ही सगळे परत आलात, कावळा शिवला होता.

मी शब्द दिला, तो पाळला. त्याचं तू काय करायचं ते आता तुझं तू बघ.

गोदा


अकोला,
ता. ३ जून १९६२

ती. गोदाताईस सा. न.

तू रीळ दिलंस, फार मोठं मन केलंस. तुझं ऋण मी विसरणार नाही. ते लगेच मुंबईला धुवायला पाठवलं आहे. चिटणिसांना लिहून टाकलं, शेवट मिळाला.

एकच चुटपुट लागली आहे ती तुलाच सांगतो, दुसऱ्या कोणाला समजायची नाही. दहाव्याला मी दुसरं रीळ भरलं होतं. पिंड ठेवून झाला, सगळे मागे सरले, तेव्हा मी पळसाच्या झुडपाआड बसलो, अंगावरच्या पंच्याखाली कॅमेरा. पिंड पाच पावलांवर. यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती. पण कावळा फार तिखट कानाचा! तो उतरला की मी बटण दाबायचो, किर्र झालं की तो उडायचा. सात-आठ वेळा असं झालं. तिकडे काका आणि मंडळी बाबांच्या नावानं काय काय कबूल करत होती, पोरीचं लग्न लावून देऊ, विहिरीचा गाळ काढू, मला मनात हसू येत होतं. पण मी तरी काय करणार? थांबलो असतो तर चित्र गेलं असतं.

आणि नशीब बघ. सूर्यभान तुझी डबी घेऊन आला, मी ती घ्यायला उठून वडाखाली गेलो, आणि नेमका तेवढ्यातच कावळा आला आणि शिवून गेला! सगळे आनंदानं ओरडले. मी पळत आलो तोवर संपलं होतं. दोन घंटे ओल्या धोतरानं बसलो आणि तेच हुकलं.

म्हणून एक विनंती. महिन्याच्या दिवशी पुन्हा पान ठेवायचंच आहे. ते आपण नदीवरच ठेवू. या वेळी मी कॅमेरा रजईत गुंडाळणार आहे, आवाज येणार नाही. काकांना तूच सांग, तुझं ते ऐकतात.

तुझा,
गोवर्धन


अमरावती,
ता. ७ जून १९६२

गोवर्धन,

तू काय लिहिलं आहेस ते तुला समजलं आहे का?

कावळा तुझ्या किरकिरीला बिचकत होता. बाबांचा जीव कशातच अडकला नव्हता. झुडपाआड तू बसला होतास. सत्तर वर्षांचे उत्तमकाका उन्हात हात जोडून उभे होते, भावाला काय हवं होतं ते आठवून आठवून कबूल करत होते, आणि तू पंच्याखाली हसत होतास. एकदा उठून बाजूला झाला असतास तर बाबा सुटले असते, म्हातारे घरी गेले असते, आणि मी पेटी उघडली नसती. मी बापाच्या जिवाच्या भीतीनं ते रीळ दिलं. ते तू माझ्याकडून लुबाडलंस, आणि लुबाडतोयस हेसुद्धा तुझ्या ध्यानात आलं नाही.

आणि आता पुन्हा पान ठेवू म्हणतोस, रजई घेऊन येतोस.

मला तुझी किळस येते. हा शब्द मी कधी कोणाला लिहिला नव्हता, लहान भावाला लिहिते आहे. आंब्याच्या पिशवीची किळस येते, तुझ्या त्या "वा"ची येते, "शेवट मिळाला"ची येते. बाप गेला असं तू एकाही ओळीत लिहिलेलं नाहीस. पत्र उलटसुलट करून पाहिलं.

महिन्याचं पान मी माझ्या घरी ठेवीन. तू येऊ नकोस. ते रीळ मुंबईहून आलं की इकडे पाठव.

गोदा


अकोला,
ता. ३० जून १९६२

ताई,

रीळ आलं. कोरं आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत काहीच नाही, नुसता पांढरा उजेड पडद्यावर. मी चार वेळा लावून पाहिलं. धुणाऱ्यांची चिठ्ठी आहे, रीळ आधीच उन्हात उघडलं गेलं होतं. न धुतलेल्या रिळाला उजेड लागला की त्यावरचं सगळं जातं, हे तुला ठाऊक होतं का? ती डबी तुझ्या पेटीत होती. तू उघडलीस ना?

पहिल्या दिवशी मी तुला शिव्या देत होतो. जिनिंगमध्ये गेलो नाही. कॅमेरा कपाटात टाकला. मग काल एक गोष्ट लक्षात आली आणि तेव्हापासून मला बसवत नाही.

ताई, बाबांचं शेवटचं तोंड मला आठवत नाही. मी तिथे होतो, पायथ्याशी. पण त्या छोट्या भोकातून मी उजेड बघत होतो, चावी किती उरली ते मोजत होतो, खाट सरळ दिसते का ते बघत होतो. मला वाटलं, तोंड नंतर पडद्यावर नीट बघू. आता ते कुठेच नाही. मी डोळे मिटतो तर खिडकी दिसते, गोधडी दिसते, बाबा दिसत नाहीत.

तू समोर होतीस. त्यांनी कुठे पाहिलं? काही म्हणाले का? पाणी गेलं का आत? मला फक्त एवढं लिही. ललितालाही लिहिलं आहे, ती येते का पाहतो. पण हे तुझ्याखेरीज कोणालाच माहीत नाही.

गोवर्धन


अमरावती,
ता. ५ जुलै १९६२

चि. गोवर्धन,

हो, मी उघडली होती. पाचव्या दिवशी, गावच्या अंगणात, भर उन्हात. नासावं म्हणून नव्हे. मला बाबांना एकदा बघायचं होतं. मला वाटलं, फोटोच्या काचेसारखं असेल, उजेडाकडे धरलं की दिसतील. सगळी पट्टी ओढून काढली. हातभर हातभर पाहिली. मळकट पिवळी पट्टी, त्यावर काही नव्हतं. मला वाटलं, तुला पुरतं काही जमलेलंच नाही. पुन्हा गुंडाळून ठेवली. उन्हानं जातं हे मला माहीत नव्हतं.

तुझं पत्र वाचून आधी बरं वाटलं, मुंबईकरांच्या तोंडचा घास गेला म्हणून. मग मलाही बसवेना. माझ्या हातानं गेले बाबा.

तू विचारतोस म्हणून लिहिते. हे मी तुला कधीच लिहिणार नव्हते. आतापर्यंतच्या पत्रांत मी अर्धंच लिहिलं आहे.

श्वास बदलला तेव्हा बाबांनी मान उचलायचा प्रयत्न केला. डोळे उघडे होते. त्यांनी तुझ्याकडेच पाहिलं, पायथ्याकडे. डावा हात थोडा वर आला, बोलावल्यासारखा. तू आला नाहीस. मी दोनदा म्हटलं, गोवर्धन, ये, पाणी घाल. तू म्हणालास, "एक मिनिट, ताई." मग मी वाटी घेतली. या खेपेला त्यांनी तोंड फिरवलं नाही. फिरवायची ताकद नसेल, किंवा मुलगा खोलीत आहे एवढ्यावर भागवलं असेल. ओठ उघडले. मी डाव्या बाजूनं, चांगल्या बाजूनं चमचा लावला, वर्षभर लावायचे तसा, आणि दुसरा हात हनुवटीखाली धरला.

तेव्हा तू म्हणालास, "ताई, हात जरा बाजूला घे, तोंड झाकतंय."

तुला हे आठवत नसेल. तू भोकातून बघत होतास. पण मी तर उघड्या डोळ्यांनी बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते. आणि मी तुला नाही म्हटलं नाही. "चूप बस" म्हटलं नाही. एवढे महिने तुला शिसारी, किळस म्हणून लिहिते आहे ती अर्धी माझीच आहे, आता लिहून टाकते.

मी हात बाजूला घेतला. चमचा कलला. पाणी आत गेलं नाही, उजव्या गालावरून ओघळलं आणि उशीवर सांडलं. पुन्हा चमचा भरून लावला तोवर ते गेले होते.

गोदा